ध्वनीने मत्स्यडिंभ शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माशांची अगदी लहान पिल्ले समुद्रात कुठे आहेत हे आम्ही पाण्यात आवाज सोडून शोधतो, असे सांगितले की पहिला प्रश्न हमखास येतो, "का हो, ती ओरडतात का?" त्याचे उत्तर मी शेवटी ठेवले आहे, कारण ते वाटते तितके सरळ नाही. बाकीचे प्रश्न जेट्टीवर, कॉलेजातल्या भाषणांनंतर आणि घरी जेवताना विचारले गेलेले आहेत.

मत्स्यडिंभ म्हणजे नेमके काय?

अंड्यातून बाहेर पडल्यापासून मोठ्या माशासारखे रूप येईपर्यंतची अवस्था. पुस्तकात तिला डिंभ म्हणतात. तळ्यात मासे वाढवणाऱ्यांकडे याहून रसाळ शब्द आहेत: आधी मत्स्यजिरे, मग बोटुकली. जिऱ्याएवढे ते जिरे, बोटाएवढी ती बोटुकली. समुद्रातही हे माप बऱ्यापैकी लागू पडते. बहुतेक समुद्री मासे जन्मतात तेव्हा काही मिलिमीटरचे असतात. अंग काचेसारखे पारदर्शक आणि पोटाला पीतकाची, म्हणजे अंड्यातल्या बलकाची, शिदोरी बांधलेली. ती काही दिवसांत संपते, मग स्वतःचे पोट स्वतः भरायचे. पोहायची ताकद जेमतेम, त्यामुळे प्रवाह नेईल तिकडे जायचे. म्हणूनच त्यांची गणना माशांत होण्याआधी प्लवकांत होते.

एवढ्याशा जिवांचा ठावठिकाणा घेऊन करायचे काय?

पुढच्या काही वर्षांत जाळ्यात काय येणार याचा पहिला अंदाज तिथे लागतो. १८६०च्या दशकात जीवशास्त्रज्ञ जी. ओ. सार्स यांना नॉर्वेतल्या लोफोटेनच्या समुद्रात कॉडची अंडी पाण्यात तरंगताना सापडली. मासे अंडी तळाला घालतात, ही तोवरची समजूत. मग १९१४ साली नॉर्वेचेच मत्स्यशास्त्रज्ञ योहान हियोर्ट यांनी मासेमारीतल्या चढउतारांचे कारण थेट या बालवयात शोधले. पीतक संपण्याच्या सुमारास खाणे मिळाले नाही, किंवा प्रवाहाने भलतीकडे नेले, तर ती अख्खी पिढीच बारीक होते. उलट एखाद्या वर्षी सगळे जुळून आले की कमालच. १९०४ साली जन्मलेल्या हेरिंगची एकच पिढी पुढे कित्येक वर्षे नॉर्वेच्या जाळ्यांत भरभरून येत राहिली.

एक मादी लाखांनी अंडी घालते. त्यातली जवळपास सगळी मरतात. किती मरतात यात शेकड्याला अर्ध्याचा जरी फरक पडला, तरी दोन-तीन वर्षांनी बंदरावरचा भाव बदलतो. कॅलिफोर्नियाचा सार्डिनचा धंदा बसल्यावर तिथे १९४९ साली अंडी आणि डिंभ मोजायचा कार्यक्रम सुरू झाला. कॅलकोफी या नावाने तो आजही चालू आहे.

मग जाळे टाकून मोजा की! आवाजाचा खटाटोप कशाला?

जाळे टाकतोच, आणि टाकत राहणार. सर्वांत रुळलेले ते बोंगो जाळे: शेजारी शेजारी दोन गोल तोंडे, बहुधा ६० सेंटिमीटर व्यासाची, मागे अर्ध्या मिलिमीटरच्या किंवा त्याहून बारीक विणीची लांब पिशवी. बोंगो तबल्यासारखे दिसते म्हणून ते नाव. किलोमीटरभर ओढले तर एका तोंडातून सुमारे २८० घनमीटर पाणी गाळून निघते. त्यात डिंभ सापडले, मोजले, बाटलीत भरले. पण ते त्या किलोमीटरभरात कुठे होते? सगळीकडे सारखे पसरलेले, की एकाच पन्नास मीटरच्या पट्ट्यात दाटलेले? जाळे तोंड उघडत नाही. डिंभ तर घोळक्यानेच राहतात. दोन ठिकाणी शून्य आणि तिसऱ्या ठिकाणी हजार, ही आमच्या वहीतली नेहमीची गोष्ट.

दुसरी अडचण, दिवसा जरा मोठ्या डिंभांना जाळे दिसते आणि ते बाजूला सरकतात. त्याच जागी रात्री ओढलेल्या जाळ्यात दिवसापेक्षा जास्त आणि मोठे डिंभ मिळणे हा सर्वत्रचा अनुभव आहे. तिसरी अडचण वेळेची. एका ठिकाणी जहाज थांबवून जाळे सोडणे, ओढणे, धुणे, नमुना भरणे यात तास सहज जातो.

इकोसाउंडरला, म्हणजे पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकणाऱ्या यंत्राला, थांबावे लागत नाही. दहा नॉट वेगाने जाणारे जहाज सेकंदाला आवाजाचा एक स्पंद सोडत असेल तर साधारण दर पाच मीटरला पाण्याचा एक उभा छेद मिळतो. हे रात्रंदिवस चालते. जाळे टिंब देते, ध्वनी रेघ देतो. त्या रेघेवर कोणता जीव आहे हे मात्र ध्वनी आपणहून सांगत नाही, आणि पुढची निम्मी उत्तरे याच रडगाण्याची आहेत.

हे यंत्र काम कसे करते?

जहाजाच्या बुडाशी बसवलेला ट्रान्सड्यूसर खाली एक छोटा 'टक्' सोडतो आणि कान लावून बसतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळावरून खोली कळते, त्याच्या जोरावरून तिथे किती 'काहीतरी' आहे ते कळते. स्पंद एक मिलिसेकंदाचा असेल तर पाण्यात त्याची लांबी दीड मीटर भरते, आणि पाऊण मीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत. झोत सात अंशांचा असेल तर ५० मीटर खोलीवर त्याचा घेर सहा मीटर रुंद झालेला असतो. म्हणजे एकेक डिंभ सुटा दिसेल ही आशा सोडा. दिसतो तो त्यांचा जमाव.

नॉर्वेचे ऑस्कर सुंद यांनी १९३५ साली लोफोटेनच्याच कॉडचे थवे इकोसाउंडरवर टिपून प्रसिद्ध केले. मोठ्या माशांसाठी ही पद्धत तेव्हापासून रुळली. डिंभांचे प्रकरण अवघड, कारण पुढचा प्रश्न.

ध्वनिलहर चार सेंटिमीटरची आणि डिंभ चार मिलिमीटरचा. मग तो दिसतो कसा?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी चहा पाजतो.

३८ किलोहर्ट्झची तरंगलांबी पाण्यात जवळपास ४ सेंटिमीटर असते. १२० किलोहर्ट्झची साडेबारा मिलिमीटर, २०० ची साडेसात. लाटेच्या मानाने वस्तू फार लहान असली की लाट तिला जवळजवळ जुमानतच नाही. किनाऱ्याला येणारी मोठी लाट पाण्यात रोवलेल्या काठीला वळसा घालून निघून जाते, तसेच. या अवस्थेत नियम फार निष्ठुर आहेत. वस्तूचा आकार निम्मा केला की परत येणारी ऊर्जा ६४ पट घटते. वारंवारता दुप्पट केली की ती १६ पट वाढते. मग वारंवारता वाढवतच का नेऊ नये? कारण जास्त वारंवारतेचा ध्वनी पाणी शोषून घेते. ३८ किलोहर्ट्झ किलोमीटरभर खाली पोहोचतो, २०० किलोहर्ट्झ दीड-दोनशे मीटरांत दमतो, आणि मेगाहर्ट्झच्या घरात गेलात तर काही दहा मीटरांवर सगळे संपते.

त्यात भर म्हणजे डिंभाचे अंग बहुतेक पाणीच. घनता आणि ध्वनीचा वेग दोन्ही समुद्राच्या पाण्यापेक्षा काही टक्क्यांनीच वेगळे. ध्वनीच्या लेखी तो पाण्यात ठेवलेला पाण्याचा तुकडा.

सुटका होते ती हवेमुळे. बऱ्याच माशांच्या पोटात वाताशय नावाची हवेची पिशवी असते. मुंबई-पालघरकडे याला वेगळी ओळख करून द्यायला नको. घोळ माशाचा जो 'बोत' सोन्याच्या भावाने विकला जातो, तो हाच अवयव. मोठ्या माशाकडून येणाऱ्या प्रतिध्वनीचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग या पिशवीचा असतो. मांस, काटे, खवले यांचा वाटा उरलेला. डिंभातही हीच पिशवी तयार होऊ लागते, सुरुवातीला मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान.

आणि इथे निसर्ग आमच्या बाजूने एक डाव टाकतो. पाण्यातला हवेचा बुडबुडा घंटेसारखा असतो, त्याला स्वतःचा एक सूर असतो. तो सूर बुडबुड्याच्या आकारावर आणि भोवतीच्या दाबावर ठरतो. पृष्ठभागाजवळ एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सव्वातीन किलोहर्ट्झच्या आसपास गुंजतो. बुडबुडा लहान तसा सूर उंच, आणि खोल गेले की दाबामुळे आणखी उंच. हिशोब केला तर २० मीटर खोलीवर ०.१५ मिलिमीटर त्रिज्येच्या बुडबुड्याचा सूर ३८ किलोहर्ट्झच्या अगदी जवळ येतो. म्हणजे डिंभाच्या पोटातल्या ठिपक्याएवढ्या हवेला आमच्या नेहमीच्या यंत्राचा आवाज बरोबर लागू पडतो आणि ती आपल्या आकाराच्या मानाने कैक पटींनी जोरात उत्तर देते. यालाच अनुनाद म्हणतात. खरा वाताशय गोल नसतो, भोवती मांस असते, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे सरकतात. पण गंमत तीच राहते: काही वेळा बारीक डिंभ मोठ्या डिंभापेक्षा ठळक दिसतात.

तेव्हा 'ध्वनीने डिंभ दिसतात' हे सोयीचे बोलणे झाले. दिसते ती त्यांनी पोटात धरलेली हवा.

ही हवा सगळ्याच डिंभांत असते?

नाही, आणि हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा खड्डा आहे. अटलांटिक मॅकरेलला वाताशय नसतोच. ज्यांना असतो त्यांच्यातही अगदी कोवळ्या वयात तो रिकामा असतो. पुष्कळ जातींचे डिंभ पहिल्यांदा पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतात आणि तो पोटात उतरवून पिशवी फुगवतात. युरोपातल्या सी-बास आणि सी-ब्रीमच्या हॅचऱ्यांना हे नुकसान सोसून कळले. टाकीतल्या पाण्यावर खाद्याच्या तेलाचा तवंग आला की पिल्लांना घोट घेता येत नाही, पिशवी फुगत नाही, आणि पुढे कणा वाकडा होतो. म्हणून तिथे पृष्ठभागावरचा तवंग सतत काढून टाकणारी साधने बसवतात.

अँचोव्हीचे, म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातल्या माशाचे, याहून मजेदार आहे. कॅलिफोर्नियातल्या उत्तरी अँचोव्हीचे साधारण सेंटिमीटरभराचे झालेले डिंभ संध्याकाळी वर येतात, हवा गिळतात आणि रात्रभर फुगलेल्या पिशवीच्या आधाराने निवांत तरंगतात. सकाळी पिशवी पुन्हा चपटी. हे १९७६ साली प्रयोगाने दाखवले गेले. शक्ती वाचवायची ही युक्ती असावी असे मानतात. आमच्या दृष्टीने अर्थ असा की तेच डिंभ, तितकेच डिंभ, दुपारी जवळपास अदृश्य आणि रात्री झगझगीत. केवळ इकोग्राम, म्हणजे प्रतिध्वनींचे पडद्यावरचे चित्र, बघून कोणी 'रात्री पिल्ले दहापट झाली' म्हणाले, तर ती वाढ पिल्लांची नसून त्यांच्या पोटातल्या हवेची असू शकते.

पडद्यावरचा ढग डिंभांचाच कशावरून?

कशावरूनही नाही, जाळे येईपर्यंत.

माझ्या पहिल्या सफरीत मी मध्यरात्री एका सुंदर पट्ट्याभोवती पेन्सिलीने गोल काढून सगळ्यांना उठवले होते. जाळे वर आले ते गिळगिळीत जेलीने भरलेले. डिंभ मोजून चार. त्यानंतर दोन दिवस जेवणाच्या टेबलावर माझ्या ताटात रोज कोणीतरी जेली वाढत होते.

तोतये पुष्कळ आहेत. सायफोनोफोर नावाचे जेलीसारखे प्राणी त्यातले बडे. यांच्यातल्या काहींना हवेचा बारीकसा फुगा असतो आणि तोही ३८ किलोहर्ट्झच्या आसपास गुंजतो. पावसाळ्यात जुहू-गिरगावला वाहून येणारी, पायाला चटका देणारी निळी बाटली याच गटातली, फक्त ती पृष्ठभागावर तरंगते आणि तिचे भाऊबंद खोल पाण्यात राहतात. मग टेरोपॉड म्हणजे शंख घेऊन पोहणाऱ्या बारीक गोगलगायी. त्यांचे कवच आकाराच्या मानाने मोठा प्रतिध्वनी देते. जवळा आणि त्याच्यासारखे झिंगे तर सगळीकडेच. लाटा फुटून पाण्यात मिसळलेले बुडबुडेही आहेतच.

यातून वाट काढायला एकाच वेळी अनेक वारंवारता वापरतात: १८, ३८, ७०, १२०, २००, ३३३ किलोहर्ट्झ अशी मालिका. जवळ्यासारखा हवा नसलेला बारीक जीव वारंवारता वाढली की जास्त ठळक होतो. हवा असलेल्याचे तसे नसते. तो आपल्या सुराजवळ ठळक आणि वर गेल्यावर फिका. म्हणून १२० वरचे चित्र ३८ च्या चित्रातून वजा केले की जवळ्याचे ढग एका बाजूला आणि हवावाले दुसऱ्या बाजूला पडतात. आता तुटक वारंवारतांऐवजी सलग सूर चढवत नेणारे रुंदपट्टी स्पंद आले आहेत. त्यांत प्रत्येक थराचा जणू पूर्ण आलाप ऐकू येतो आणि थर सेंटिमीटरांत वेगळे करता येतात. तरीही हवावाल्यांमध्ये डिंभ कोण आणि सायफोनोफोर कोण, हे जाळे किंवा पाण्याखालचा कॅमेराच सांगतो. मत्स्यप्लवकांचे फोटो पाण्यातल्या पाण्यात काढणारी इसीस नावाची ओढती यंत्रणा अशा वेळी कामाला येते.

संख्या कशी काढतात?

भागाकाराने. एका घनमीटरातून परत आलेली एकूण ऊर्जा भागिले एका डिंभाकडून येणारी ऊर्जा. एकाच्या या ताकदीला टार्गेट स्ट्रेंग्थ म्हणतात आणि ती डेसिबलमध्ये मोजतात, ज्यात दहाचा फरक म्हणजे दहापट.

समजा थरातून उणे ६० डेसिबल येत आहेत. एका डिंभाची ताकद उणे ७० धरली तर घनमीटरला दहा डिंभ. उणे ८० धरली तर शंभर. आणि तिथे डिंभ नसून उणे ४० चा मोठा मासा असेल, तर १०० घनमीटरांत एकच मासा असला तरी तेवढाच आकडा येतो. तीन डेसिबलची चूक म्हणजे संख्या दुप्पट किंवा निम्मी. त्यामुळे या कामात खरा घाम भागाकारात नाही, भाजक ठरवण्यात जातो. डिंभ टाकीत ठेवून मोजायचे, क्ष-किरणांनी पिशवीचा आकार बघायचा, गणिती प्रारूपे बांधायची, आणि एवढे करून उत्तर 'अमुक ते तमुक' असेच द्यायचे. एखाद्या अहवालात डिंभांची संख्या शेवटच्या आकड्यापर्यंत नेमकी दिलेली दिसली की मला शंका येते.

यंत्र खरे बोलते हे कसे तपासता?

टंगस्टन कार्बाइडची ३८.१ मिलिमीटर व्यासाची गोळी असते. तिचा प्रतिध्वनी किती यावा हे आधीच माहीत असते. जहाज शांत खाडीत नांगरायचे, तीन बाजूंनी तंगूस सोडून गोळी झोताच्या मधोमध लोंबकळत ठेवायची आणि आकडा जुळवायचा. ऐकायला सोपे. प्रत्यक्षात प्रवाह गोळीला झोके देतो, मासे तिला चोच मारायला येतात आणि तंगुसाचा गुंता होतो. याला अर्धा दिवस ते अख्खा दिवस द्यावा लागतो, आणि सफर आखणारा कोणीही तो दिवस आनंदाने देत नाही.

डिंभ तर वरच्याच पाण्यात असतात. जहाजाच्या बुडाखालून ते दिसतात का?

नेमकी दुखरी नस. ट्रान्सड्यूसर पाच-सहा मीटर खाली बसवलेला, त्यापुढचे काही मीटर मोजण्याजोगे नसतात. म्हणजे वरचे जवळपास दहा मीटर गेले. डिंभ बहुतांशी वरच्या पन्नास-शंभर मीटरांत, आणि रात्री तर हवा गिळायला अगदी पृष्ठभागाला. इकोग्राम स्वच्छ दिसतो आणि पिल्ले डोक्यावरून निघून गेलेली असतात.

यावर उपाय म्हणजे यंत्र उलटे करणे. तळावर किंवा नांगरलेल्या तरंडाच्या दोरावर ट्रान्सड्यूसर वर तोंड करून ठेवायचा. तो महिनोन्महिने एकाच जागी बसून आकाशाकडे बघतो. जागा बदलत नाही, पण ऋतू बदलताना दिसतो. लहान होडीच्या बाजूला आडवा झोत लावण्याचीही रीत आहे.

हे कुठे खरोखर जमले आहे?

दोन ठिकाणे मला आवडतात. पहिले जपान. तिथे अँचोव्ही आणि सार्डिनचे पारदर्शक डिंभ 'शिरासू' म्हणून उकडून गरम भातावर घालून खातात. आपल्याकडे जवळ्याला जो मान, तो तिथे शिरासूला. दोन होड्या मिळून जाळे ओढतात, सुरुगा उपसागराचा किनारा त्यासाठी नावाजलेला. डिंभ हीच पकड असल्यामुळे ते ध्वनीने ओळखण्यात पोटाचा प्रश्न आहे. जपानी संशोधकांनी शिरासूच्या प्रतिध्वनीची प्रारूपे बांधून दाखवले की दिवस आणि रात्र यांत त्यांची वारंवारतेनुसार ओळखच बदलते. कारण वर आलेच आहे: पिशवी.

दुसरे ठिकाण समुद्राचे नाहीच. झेक प्रजासत्ताकातल्या स्लापी धरणात पर्च माशाची पिल्ले दिवसा खोल अंधाऱ्या पाण्यात थर करून राहतात आणि रात्री वर येतात. हा थर इकोसाउंडरने दिवसागणिक टिपला गेला. धरणात लाट नाही, सायफोनोफोर नाही, जाती मोजक्या. डिंभांच्या ध्वनिशास्त्राला इतकी सोयीची जागा नाही. उजनी किंवा कोयनेच्या पाण्यावर कोणा तरुणाने हे करून बघावे असे मला फार वाटते.

अरबी समुद्रात काय स्थिती आहे?

डिंभ गोळा करण्याचा वारसा जुना आहे. १९६०-६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतले प्लवकांचे नमुने कोचीनच्या केंद्रात निवडले गेले, त्यात माशांची अंडी आणि डिंभ होतेच. १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, ती आता गोव्यात दोना पावलाला आहे. १९८४ मध्ये डेन्मार्कमध्ये बांधलेले 'सागर संपदा' हे संशोधन जहाज आले आणि भारतीय पाण्यातल्या खोल ध्वनिस्तराचा अभ्यास सुरू झाला. हा स्तर म्हणजे दिवसा काही शे मीटर खोल दिसणारा आणि संध्याकाळी वर चढणारा सजीवांचा पट्टा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या शास्त्रज्ञांना तो प्रथम दिसला तेव्हा समुद्राला दुसरा तळ आहे की काय असे वाटले होते. आपल्या खोल समुद्रात त्यात कंदीलमाशांचा भरणा मोठा.

आपली खरी अडचण ऋतूची. तारलीची मुख्य वीण पावसाळ्यात. तेव्हाच दर्या खवळलेला, बुडाखालून बुडबुडे जातात आणि झोत अडतो. मासेमारी बंद असते, तसे आमचेही काम मंदावते. पावसाळा सरता सरता पश्चिम किनाऱ्यालगत कमी प्राणवायूचे पाणी वर येते, ते आणखी एक कोडे. पेरूच्या किनाऱ्यावर अशा पाण्याची वरची हद्द इकोग्रामवरूनच आखली गेली, कारण तिच्याखाली बहुतेक जीव जात नाहीत. आपल्या किनाऱ्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात ही रेघ डिंभांच्या डोक्यावर येते की पायाखाली राहते, हे बघण्यासारखे आहे.

आमच्या होडीवरच्या फिश फाइंडरवर पिल्ले दिसतील का?

दिसत असणारच. रात्री पृष्ठभागाखाली जी धुरकट साय पसरते आणि जिला वैतागून तांडेल गेन, म्हणजे यंत्राच्या कानाची तीव्रता, कमी करतो, त्यात डिंभही असू शकतात, जवळाही. साधा फिश फाइंडर बहुधा ५० आणि २०० किलोहर्ट्झवर चालतो. पण तो रंगीत चित्र काढतो, आकडे साठवत नाही, आणि चित्र छान दिसावे म्हणून आपल्या मनाने आवाज कमीजास्त करतो. मोजणीला त्याचा उपयोग नाही. 'कुठल्या आठवड्यात, किती वावावर साय आली' एवढे कोणी वहीत लिहून ठेवले, तर मात्र मी ती वही आनंदाने वाचीन.

तुमच्या आवाजाने पिल्लांना इजा होत नाही का?

इकोसाउंडरचा आवाज बहुतेक माशांच्या ऐकण्याच्या कक्षेबाहेर असतो. त्यांचे कान हजारभर हर्ट्झपर्यंतच चालतात. शॅडसारखे थोडे मासे याला अपवाद आहेत, त्यांना अल्ट्रासाउंड ऐकू येतो. तेलसाठे शोधताना पाण्यात दाबलेल्या हवेचे धमाके करणाऱ्या एअरगनची गोष्ट वेगळी. २०१७ साली टास्मानियाजवळच्या प्रयोगात एका एअरगनमुळे १.२ किलोमीटरपर्यंत प्राणिप्लवक मेलेले आढळले. नंतरच्या प्रयोगांत परिणाम काही मीटरांपुरताच दिसला. वाद मिटलेला नाही. माझ्यापुरते विचाराल तर विणीच्या हंगामात एअरगन बंद ठेवायला काय हरकत आहे?

डिंभांना ऐकू येते का?

येते, आणि त्यावर ते घर शोधतात. प्रवाळातल्या माशांचे डिंभ काही आठवडे उघड्या समुद्रात वाढतात आणि मग खडकाकडे परततात. ऑस्ट्रेलियाच्या लिझर्ड बेटाजवळ संशोधकांनी मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांचे छोटे कृत्रिम खडक रचले. काहींवर पाण्याखालचे स्पीकर लावून प्रवाळाचा रात्रीचा आवाज वाजवला, काही गप्प ठेवले. आवाजवाल्या खडकांवर जास्त पिल्ले उतरली. हे २००५ साली छापून आले. २०१९ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात तिथेच मेलेल्या प्रवाळाजवळ निरोगी प्रवाळाचा आवाज वाजवला तर माशांची संख्या दुप्पट झाली.

तो आवाज कसला? कढईत मोहरी तडतडावी तसा. चुटकी वाजवणाऱ्या झिंग्यांचा मुख्यतः, मध्ये माशांची गुरगुर. गोव्याच्या ग्रँड बेटाजवळ असा आवाज नोंदवला गेला आहे. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांचे नाव घेऊन बुडून राहिलेल्या आंग्रिया बँकेवरही प्रवाळ आहेत. तिथून तडतड किती दूरवर जाते आणि कोणाची पिल्ले ती ऐकून वळतात, हे ऐकायला मी एक हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, घेऊन केव्हाही निघेन.

मग ती स्वतः ओरडतात का?

निदान एक जात तरी. २०१४ साली फ्लोरिडाकडच्या ग्रे स्नॅपरचे डिंभ रात्री टकटक आणि गुरगुर असे दोन आवाज काढतात हे नोंदवले गेले. मोठे ग्रे स्नॅपरही तसेच आवाज काढतात. अंधारात उघड्या समुद्रात एकमेकांना धरून राहायला ते बोलत असावेत, असा नोंदवणाऱ्यांचा तर्क. ते आवाज काही शे हर्ट्झचे, आणि आमचे यंत्र ऐकते ३८ हजारांवर. म्हणजे आम्ही त्यांच्यावर रात्रभर टकटक करत फिरतो आणि त्यांची टकटक आमच्या कानावर येतच नाही.